फाटकाच्या पुलावरचे सात फोटो

ती बाई भूत नाही. ती माझी आत्या आहे, अडुसष्ट वर्षांची आहे, आणि काल दुपारी आमच्याकडे बसून तिने दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. वर "मीठ कमी पडला" असंही सांगून गेली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या महिन्यात इथेच, या भुताच्या अनुभवांच्या पानावर, कोणीतरी "नायगावची पाटीवाली" म्हणून ते जुनं रील परत टाकलं. खाली ढिगाने प्रतिक्रिया... "बापरे", "अंगावर काटा", "माझ्या मामेभावालाही दिसली होती". मामेभावाला दिसली असेल तर केळी घेतली का तेवढं विचारा त्याला. बाकी मला काही म्हणायचं नाही.

इथे लिहिताना "माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता" अशी सुरुवात करायची पद्धत आहे. मी जरा वेगळं लिहितो. माझा विश्वास नाही. आजही नाही... आणि तरीही पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी कसं जुळवायचं ते मला माहीत नाही.

माझा धंदा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मोटार विम्याचा सर्वेअर. गाडी ठोकली की मालक क्लेम टाकतो, फोटो पाठवतो, आणि ते खरे की बनवलेले हे मी बघतो. एकवीस वर्षं हेच करतोय. सावली कुठल्या बाजूला पडली, चिखल ताजा की जुना, बंपर आधी फुटला की दिवा आधी. फोटो सहसा खोटं बोलत नाही, काढणारा बोलतो. त्यामुळे भुताचे फोटो दाखवणाऱ्यांना मी आजवर एकाच प्रश्नात गप्प केलंय: "मूळ फाईल आहे का?"

आता जागा. नायगाव स्टेशनपासून थोडं पुढे पूर्वी रेल्वेचं फाटक होतं. ते बंद झालं आणि तिथे लोखंडी पादचारी पूल आला. आम्ही त्याला अजून फाटकाचा पूलच म्हणतो. पश्चिमेकडून चव्वेचाळीस पायऱ्या, पूर्वेकडून एकोणचाळीस, कारण पूर्वेला भराव टाकून जमीन उंच केली आहे. वर साधारण साठ पावलांचा सपाट भाग, दोन्ही बाजूंना खांद्याच्या वर जाणारी जाळी. आरपार दिसतं. पश्चिमेला खाडीकाठचं दलदलीचं खाजण, मिठागरांचे जुने बांध आणि त्यापलीकडे आमचं गाव. पूर्वेला आमचे टॉवर. 'आमचे' म्हणजे मीही तिथेच राहतो, सी विंग, अकरावा मजला. गावातलं घर भावाकडे आहे. माझी बायको मानसी सातारची, तिला खाडीचा वास सोसत नाही. अकराव्या मजल्यावर तो येत नाही म्हणते, मला येतो.

माझ्या आत्याचं नाव गुणाबाई. आमच्या गावात ण कोणी म्हणत नाही, म्हणून सगळ्यांची गुना. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती पाटी विकते. पाटी म्हणजे डोक्यावरची मोठी टोपली. दुपारी गिरीजला वाडीवर जाते, राजेळी केळी, केळफुलं, अळूच्या जुड्या, कधी पडवळ असं भरते, बसने नायगावला उतरते, आणि पाचच्या पुढे पूल ओलांडून पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी बसते. लोक कामावरून येतात तो वेळ. आठपर्यंत पाटी रिकामी. चाळीस वर्षं हाच रस्ता... पूल नव्हता तेव्हा रुळांवरून.

अडचण एकच. चव्वेचाळीस पायऱ्या चढून आल्यावर तिला दम लागतो, म्हणून वर मधोमध ती पाटी खाली ठेवते. उतरवायला एकटी पुरते. चढवायला दोघं लागतात. मग जो कोणी जात असेल त्याला ती म्हणते, "हात लाव गो बाय," किंवा "हात लाव रं." आमच्याकडे याचा एकच अर्थ. पाटीची दुसरी कड धर आणि मला उचलून दे.

टॉवरमध्ये राहायला आलेल्यांना हा अर्थ कुठून कळणार? संध्याकाळची वेळ, पुलावर दिवे अजून लागलेले नाहीत, एक म्हातारी वाकलेली, पदर डोक्यावरून, आणि ती म्हणते, "हात लाव..." बी विंगमधल्या एक बाई किंचाळून पळाल्या, पायरी चुकली, घोटा मुरगळला. झालं. हात लावला की माणूस आजारी पडतं! त्याच विंगमधल्या एका गृहस्थांनी (सकाळी योगा, संध्याकाळी रील) लांबून मोबाईलवर आत्याचा व्हिडिओ काढला, काळपट केला, खाली लहान मुलाच्या रडण्याचा आवाज जोडला आणि हिंदीत लिहिलं: "वो कहती है, मुझे छू के देख."

मी ते पाहिलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "मना कला छूवाचा? केळी घे ना मेल्या." कला म्हणजे कशाला.

पण गोष्ट हसण्यावारी राहिली नाही. गिऱ्हाईक तुटायला लागलं. आठला रिकामी होणारी पाटी अर्धी परत जायला लागली. राजेळी केळी घरी नेऊन आत्या सुकेळी करायची, पण किती करणार? त्यात सोसायटीच्या ग्रुपवर प्रस्ताव आला: पुलाकडे उघडणारं मागचं गेट संध्याकाळी साडेपाचला बंद करावं. सुरक्षेसाठी. आणि एकदा पुलाची शांतही करून घ्यावी. रविवारी मीटिंग.

गेट साडेपाचला बंद म्हणजे आत्याचा धंदा बंद. इतकं सरळ होतं ते. पुढच्या गेटला तिला बसू देत नाहीत, आणि तिथवर ओझं घेऊन वळसा घालायचा तर अर्धा तास. माझं डोकं फिरलं. मी ग्रुपवर लिहिलं, "रविवारच्या आत पुलाचे संध्याकाळचे फोटो काढून आणतो. पाच ते साडेसहा, प्रत्येक मिनिटाचा हिशेब. पुलावर काही नाही हे मूळ फाईलसकट सिद्ध करतो. मग बघू कोण गेट बंद करतं." मानसी म्हणाली, "इतकं तावातावाने लिहायची गरज होती का?" होती.

शुक्रवारी सुट्टी घेतली. आत्याला फोन करून बजावलं, "आज येऊ नकोस. मला रिकामा पूल पाहिजे." ती "बरा" म्हणाली. तिचं "बरा" म्हणजे 'ऐकलं' एवढंच, 'करीन' असं नाही, हे मला या वयात कळायला हवं होतं.

पुलाखाली रेल्वेची हद्द, म्हणून मी आमच्या मागच्या गेटच्या आत ट्रायपॉड लावला. तिथून पूल थोडा तिरका पण पूर्ण दिसतो, दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांसकट, आणि मागे पश्चिमेचं आकाश. थंडीचे दिवस, आकाश स्वच्छ. अशा वेळी पुलावरचं माणूस काळं कापून चिकटवल्याइतकं स्पष्ट दिसतं. चेहरा नाही दिसणार, पण कावळा बसला तरी सुटणार नाही. मी मुद्दामच ही बाजू घेतली. कॅमेरा सेकंदाला एक फोटो घेईल असा लावला, घड्याळ मोबाईलशी जुळवलं. एरवी दुसऱ्यांच्या फोटोंत ज्या चुका धरतो त्यातली एकही ठेवली नाही.

पाच ते पावणेसहा, काही नाही. शाळेतल्या बाई गेल्या, दुधाचे कॅन घेऊन एक भय्या गेला, दोन मुली सेल्फी काढत उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात रविवारचं भाषण करत होतो. सहाला पाच कमी असताना पूल पूर्ण रिकामा झाला. मागे आकाश नारिंगी.

आणि पश्चिमेच्या पायऱ्यांवरून एक पाटी वर आली.

आधी पाटी, मग डोकं, मग आत्या. मी कपाळाला हात लावला. ती चालत मधोमध आली, गुडघ्यात वाकली, पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पुलावर दुसरं कोणीही नव्हतं. मी ओरडलो, "आत्या, थांब! येतो मी!" तेवढ्यात खालून गाडी धडधडत गेली. ऐकलं की नाही कोण जाणे. कॅमेरा तसाच चालू ठेवून मी पळालो.

गेटपासून पायऱ्यांपर्यंत जायचं, मग एकोणचाळीस पायऱ्या. पायऱ्यांना पत्र्याची बाजू आहे, चढताना वरचं काही दिसत नाही. माझं वय एकावन्न, पोट आहे. चाळीसएक सेकंद लागले असतील. वर पोचलो तेव्हा आत्या पाटी डोक्यावर घेऊन माझ्याकडे चालत येत होती, एक हात पाटीला, एक हात मोकळा, नेहमीच्या चालीत.

"तू धावतंस कला?" ती म्हणाली.

"येऊ नकोस म्हटलं होतं ना?"

"केळी पिकली. केळी काय तुजा फोटो काढून व्हईपर्यंत थांबतील?"

"पाटी कोणी चढवली?"

"लावला कोनीतरी हात."

मी तिच्या मागे पाहिलं. सबंध पूल मोकळा. पश्चिमेच्या पायऱ्यांच्या टोकाशी जाऊन खाली पाहिलं. चव्वेचाळीस पायऱ्या आणि खाली बसस्टॉपपर्यंतचा सरळ रस्ता. एक कुत्रं झोपलेलं. माझ्या बाजूने कोणी उतरलं असतं तर मला घासूनच गेलं असतं. मी स्वतःला म्हटलं, म्हातारी भारीच घट्ट आहे, एकटीनेच उचलली असणार आणि कबूल करायला लाजतेय.

घरी आलो, फोटो कॉम्प्युटरवर उघडले. मानसी शेजारी बसली होती. सात फोटो आहेत. सात सेकंद. मी जसं दिसलं तसं सांगतो, त्यात माझं काही घालत नाही.

पहिल्यात आत्या वाकलेली, दोन्ही हात पाटीच्या जवळच्या कडेला, तोंड समोरच्या रिकाम्या जागेकडे. दुसऱ्यात पाटीच्या दोन्ही कडा जमिनीपासून सुटलेल्या. दोन्ही. तिसऱ्यात पाटी गुडघ्याला. चौथ्यात कमरेला, आणि इथे लांबची कड आत्याच्या कडेपेक्षा वर. पाचव्यात छातीला. सहाव्यात पाटी आत्याच्या डोक्याच्या वर, आणि आत्याचा उजवा हात पाटीला नाही. तो डोक्यावर आहे. ती चुंबळ सरळ करतेय... ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची गुंडाळी. डाव्या हाताची बोटं कडेला नुसती टेकलेली. सातव्यात पाटी डोक्यावर.

पाटीच्या पलीकडे काही नाही. नारिंगी आकाश आणि जाळीचे चौकोन, आणि ते चौकोन एकही न तुटता सलग दिसतात.

मानसीने सहावा फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. मग उठून तिने बाल्कनीचं दार लावलं.

मी काय काय तपासलं ते लिहितो, म्हणजे खाली येऊन मला शिकवू नका. मूळ फाईल्स आहेत. घड्याळ बरोबर, एकही सेकंद गाळलेला नाही. दुसऱ्या दिवशी तीच पाटी तशीच भरून सोसायटीच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली, चोवीस किलो. आत्याला म्हटलं, एकटीने उचलून दाखव. तिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलाय, हात कानाच्या वर नेताना ती दात आवळते. गुडघ्यापर्यंत उचलली आणि "मरू दे" म्हणून सोडली. कठड्यावर टेकवून चढवली म्हणावं तर कठडा म्हणजे ती खांद्याच्या वर जाणारी जाळीच. दोरी, हूक, काही नाही. आणि ती चौथ्या फोटोतली वर गेलेली कड... टोपली दोन हातांनी धरून उचलली तर कड सरळ वर येते. इथे ती एकाच ठिकाणी वर खेचलेली होती, बाकी कड खाली ओघळलेली. म्हणजे जे काही होतं, ते एका हाताने उचलत होतं. वाकलेला पत्रा बघून ठोकर कुठून बसली हे सांगणं हे माझं पोट भरायचं काम आहे. एवढं मला कळतं.

शेवटी मी आत्याला मोबाईलवर ते सातही फोटो दाखवले. वाटलं घाबरेल. तिने चष्मा लावला, एकेक पाहिला आणि म्हणाली, "माजा पदर बग कसा आयलाय. सांगून तरी काढाचास."

"आत्या, पलीकडून कोण उचलतंय?"

"तुला दिसतंय कोन?"

"नाही."

"मग मना कशाला ईचारतंस?" मोबाईल परत देत ती म्हणाली. "ओझा डोकीवर चढताना मान सरळ ठेवाची. कोन लावतंय ता बगायला मान हालवलीस का ओझा गेला. हात लावनाऱ्याला नाव ईचारत नाय. रीत नाय ती."

मग थोड्या वेळाने, केळी पुसता पुसता, मी काहीही न विचारता म्हणाली, "मथुरा एका हातान लावाची."

मथुरा तिची जोडीण. पाटीवाल्या बायका नेहमी जोडीने निघायच्या, याच कारणासाठी. आधी एकीने दुसरीला चढवून द्यायचं. मग जिच्या डोक्यावर ओझं चढलंय तिने एका हाताने आपली पाटी धरायची, गुडघ्यात वाकायचं आणि दुसऱ्या हाताने उरलेलीला हात लावायचा. मथुराबाई मी लहानपणी पाहिलेल्या आहेत. पुलावरून पडल्या नाहीत, गाडीखाली गेल्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या घरी, सुनेच्या हातचं पाणी पिऊन, तापाने गेल्या. रीलवाल्यांची निराशा झाली असेल तर माफ करा.

मी असं म्हणत नाही की मथुराबाई होत्या. आत्यानेही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली की मथुरा एका हाताने लावायची.

आता माझी खरी पंचाईत झाली. रविवारी मला सिद्ध करायचं होतं की पुलावर काही नाही. आणि माझ्याकडे सात फोटो होते. एकवीस वर्षांत गैरसोयीचा फोटो दडवला म्हणून मी कितीतरी लोकांचे क्लेम नाकारलेत. तोंड वर करून त्यांना सुनावलंय, "अर्धा पुरावा म्हणजे खोटा पुरावा." आता मीच ते सात फोटो बाजूला ठेवून बाकीचे दाखवायचे? आणि नाही ठेवले तर सोमवारपासून गेटला कुलूप. रात्रभर कूस बदलत राहिलो. खरं सांगायचं तर पुलावर जे काही होतं त्याची मला भीती वाटली नाही. स्वतःची लाज वाटत होती.

मानसी सकाळी चहा देताना म्हणाली, "दाखवू नकोस असं मी म्हणत नाही. पण दाखवल्यावर आत्या उद्या कुठे बसेल ते आधी ठरव, मग दाखव."

मीटिंगला मी लॅपटॉप नेलाच नाही. आत्याला नेलं, भरलेल्या पाटीसकट. क्लबहाऊसच्या गुळगुळीत फरशीवर पाटी ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, "हे काय? या मावशी कोण?"

"ही तुमची पाटीवाली. रीलमधली. माझी सख्खी आत्या," मी म्हटलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्या, तू पुलावर काय म्हणतेस ते यांना म्हण."

आत्याने सगळ्यांकडे पाहिलं. मग त्या रीलवाल्या गृहस्थांकडे बघून म्हणाली, "हात लाव रं, भाऊ."

गृहस्थ खुर्चीतच मागे सरकले. लोक हसले. मी म्हटलं, "पाटीला! तुम्हाला छुवायचं नाहीये कोणाला. पलीकडची कड धरा आणि बाईला ओझं चढवून द्या. एवढाच त्याचा अर्थ. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतो."

ते उठले. दोन्ही हातांनी पाटी धरली आणि जिमसारखी स्वतःकडे ओढली. पाटी कलली, केळफुलं घरंगळत सेक्रेटरींच्या पायाशी. आत्या म्हणाली, "तुज्याकडं नको रं ओढू. मना दे, मना." दुसऱ्या खेपेला ज्यांचा घोटा मुरगळला होता त्याच बी विंगच्या बाई पुढे आल्या आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. पाटी डोक्यावर चढली. बाई बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "केवढं जड आहे हो हे. रोज आणता?"

"रोज," आत्या म्हणाली.

ठराव तिथेच बारगळला. गेट साडेआठपर्यंत उघडं. पण रीलवाले गृहस्थ गप्प बसतील तर ते कसले! "आणि ते फोटो? मूळ फाईलसकट सिद्ध करणार होतात ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काढलेत," मी म्हटलं. "पण दाखवणार नाही."

"म्हणजे काहीतरी आहे त्यात!"

"आहे. माझी आत्या आहे, तिची केळी आहेत. तिचा फोटो तिला न विचारता तुम्ही जगाला दाखवलात. मी विचारल्याशिवाय दाखवत नाही, आणि ती नको म्हणाली." तसं ती खरंच म्हणाली होती. पदरामुळे.

आज हे लिहितोय तेही तिला विचारूनच. ते रील परत फिरायला लागलं तेव्हा तिने विचारलं, "आता परत गेट बंद करतील का रं?" त्या एका प्रश्नासाठी लिहितोय. म्हणाली, "लिव. पन फोटो टाकू नको." तेव्हा फोटो मागू नका. विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. फोटोशॉप म्हणा, खुशाल म्हणा, तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. आणि ज्यांना पुलावर नारळ फोडायचाय, लिंबू ठेवायचंय, त्यांनाही सांगतो... कशासाठी? त्या पुलावर कोणाचंही वाकडं झालेलं नाही. एका म्हाताऱ्या बाईचं ओझं हलकं होतं, त्याची शांत करायची?

एक शेवटचं, जे मी मानसीलाही दोन दिवस सांगितलं नव्हतं.

त्यानंतर संध्याकाळी घरी असलो की मी पुलावर जातो. आत्याला हात लावायला मीच जाणार, आणखी कोणाची गरज नाही, असा थोडा हट्टच होता त्यात. परवाच्या मंगळवारी मला उशीर झाला. धापा टाकत पायऱ्या चढलो. उजेड होता, पूल लख्ख दिसत होता. आत्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून वाकलेली, आणि पाटी तिच्या गुडघ्यांच्या उंचीला. हवेत. लांबची कड एका जागी वर आलेली.

माझी चाहूल लागली असावी. मान न वळवता ती समोर बघून म्हणाली, "सोड गो आता. आयला माजा भाचा."

मी पलीकडे गेलो आणि कड धरली. चोवीस किलोचं ओझं हातात आलं की दणका बसतो, मला आता सवय झाली आहे. तसा दणका बसला नाही. आधी थोडं आलं, मग अजून थोडं... मी नीट धरलंय याची खात्री करून घेत असल्यागत. मग सगळं वजन माझ्या हातात आलं.

हात लावणाऱ्याकडे बघायची रीत नाही, पण ती रीत आत्याची. माझी नाही. मी पाहिलं. समोर पाहिलं, डावीकडे, उजवीकडे, जाळीतून खाली रुळांवरही पाहिलं. कोणी नव्हतं. मी आत्याला पाटी चढवून दिली आणि आम्ही पूर्वेच्या पायऱ्या उतरलो. तिने विचारलं, "आज कामावर उशीर झाला का?" मी हो म्हटलं.

माझ्याकडे याचं उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर फाटकाच्या पुलावर या. आत्या सहाच्या सुमारास वर पोचते. पण उत्तर सांगायच्या आधी पाटीला हात लावा.